शंभर ग्रॅमचं वजन

६ जुलै

बाकं लहान होती. किंवा मी मोठा. बसताना गुडघा फळीला लागला, फळी वाजली आणि वर्गातल्या सगळ्या माना वळल्या. पुढून दुसऱ्या बाकावर माझी धाकटी मुलगी बसली होती. तिचीच तेवढी मान वळली नाही.

त्याआधी दारात शिपाई म्हणाला, "पालकांची सभा शनिवारी आहे." मी म्हटलं, "मी विद्यार्थी आहे." तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मीही हसलो असतो. नुसतं "या" म्हणाला — म्हाताऱ्याला पायरी दाखवावी तसं.

धाकटीनं ही संध्याकाळची तुकडी आधीच घेतली होती. मला शनिवार-रविवारची मिळत होती. ती म्हणालीही, "बाबा, तुम्ही ती दुसरी घ्या ना." मी म्हटलं, शनिवारी दुकानात गिऱ्हाईक असतं. तुला मदत होईल, असंही म्हटलं. खरं कारण — जाऊ दे. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसानं नववीत शाळा सोडून, पुढे स्वतःच्या हिमतीवर, बाहेरून दहावी केली; तो आता रसायनशास्त्राच्या उच्च वर्गात बसतो, हे कुणीतरी बघावं असं वाटत होतं. घरचंच कुणीतरी.

बाई आमच्या थोरलीच्या वयाच्या. पहिलाच धडा: अभिक्रियेत वस्तुमान नवं तयार होत नाही आणि नाहीसंही होत नाही. इकडचं तिकडे जातं, इतकंच. मी "बरोबर!" म्हटलं. जरा मोठ्यानं झालं. सगळे हसले. पण वस्तुमान म्हणजे माझी जुनी ओळख! उभा जन्म त्याच्याशी व्यवहार केला.

महिनाअखेरीला प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात जे उतरतील ते उच्च तुकडीत राहतील, बाकीचे साध्या. धाकटीला पुढे औषधनिर्माणाला जायचंय — तिकडे साधी तुकडी चालत नाही.

७ जुलै

पोरांनी नाव ठेवलं. मिलिग्रामकाका. वाईट नाही.

१० जुलै

आज लाज गेली.

मोल शिकवत होत्या. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक प्रचंड आकडा — इथवर ठीक. मग बाईंनी विचारलं, "दहा ग्रॅम लोखंड आणि दहा ग्रॅम कार्बन, अणू कशात जास्त?" मी हात वर केला नाही, थेट बोललोच. "दोन्हींत सारखे! दहा ग्रॅम म्हणजे दहा ग्रॅम!"

खिडकीजवळची ती दोन वेण्यांची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, एक किलो टाचण्या आणि एक किलो हातोडे — नग सारखे भरतील का हो?"

वर्ग फुटला. बाईही हसल्या, तोंड फळ्याकडे करून.

वाईट याचं वाटतं की मला हे येत होतं. हार्डवेअरच्या दुकानांना नग मोजणारे काटे मीच बसवून देतो! स्क्रू ओतायचे, एका स्क्रूचं वजन आत घातलेलं असतं, काटा नग सांगतो. मोल म्हणजे दुसरं काय? हातात होतं ते तोंडात आलं नाही. धाकटी वहीत काहीतरी लिहीत राहिली. मान इतकी खाली की वेणी शाईत बुडेल असं वाटलं.

१३ जुलै

पाच ग्रॅम सोडियम कार्बोनेटचे मोल किती? मी लिहिलं ०.०४७१६९८११३. बाईंनी पुढच्या सगळ्या आकड्यांभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, "एवढं तुम्हाला खरंच माहीत आहे?"

मला समजेना. मी अचूक लिहिलं म्हणून लाल गोल?

जेवताना विषय काढला. धाकटी म्हणाली, "बाबा, वजन करणाऱ्या काट्यालाच तीन आकडे दिसतात, मग उत्तरात दहा कुठून येतील? बाकीचे कॅल्क्युलेटरचे. ते आपले नाहीत."

तिच्या आईच्या देखत. पानावर बसलेल्या बापाला!

मी उठलो. हात धुतले.

१५ जुलै

अजून धाकटीशी बोललो नाही. तिलाच कळायला हवं.

बायको म्हणते, "कुणी तुमची चूक दाखवली की घरात दुखवटा! तिच्या जागी मी असते ना, तर तुम्ही आग लागलेल्या घरात बसला असतात तरी सांगितलं नसतं." बायकांना काय, बोलायला लागतं.

१६ जुलै

बोललो. तिनं माफी मागितली. विषय संपला. (तीनच आकडे लिहायचे, हे पटलं. तिला तसं सांगितलं नाही.)

२० जुलै

उद्या पहिल्यांदा प्रयोगशाळेत जायचंय. रिकाम्या हातानं जायचं नाही असं ठरवलं होतं.

माझं शंभर ग्रॅमचं वजन. पितळेचं, वर बोंडी, मखमली डबीत. ज्यांच्याकडे मी हे काम पाहून पाहून शिकलो त्या उस्तादांनी शेवटी दिलेलं. आजवर शेकडो काटे त्याच्यापुढे उभे राहून खरे-खोटे ठरले. काटा खोटं बोलेल, हे वजन बोलणार नाही — गिऱ्हाइकाला मी हे एकच वाक्य सांगतो. पण काळवंडलं होतं. पोरांपुढे ठेवायचं तर लखलखीत हवं.

शेजारचा सोनार नायट्रिक आम्ल वापरतो. त्याच्याकडून वाटीभर आणलं. "जपून हं," तो म्हणाला, "यातून फक्त सोनं वाचतं." मी म्हटलं, मला माहीत आहे. आता मी रसायन शिकतो!

काचेच्या भांड्यात वजन सोडलं. क्षणात फसफसलं. काढणार तोच औषधवाल्याचा माणूस काटा घेऊन आला — कधी जास्त दाखवतो, कधी कमी, मालक ओरडतात. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ गेला. मागे बघतो तर खोलीभर तपकिरी धूर! धाकटी नाकाला रुमाल लावून धावत आली, खिडक्या उघडल्या, चिमट्यानं वजन काढलं, मला बाहेर ढकललं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

भांड्यातलं पाणी मात्र बघण्यासारखं — आधी हिरवं, आणि वरून नळाचं पाणी सोडलं तसं निळं होत गेलं. इतका सुंदर निळा! एवढा मळ साचला होता, आणि तोही असा रंगीत.

धाकटी भांड्याकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, हा मळ नाही वाटत. एकदा दुसऱ्या कुठल्या तरी वजनाशी ताडून बघा ना."

"तू मला वजन शिकवतेस?"

आत गेली.

फडक्यानं घासलं. नव्यासारखं झळकतंय! घरच्या काट्यावर ठेवलं तर ९८.२ दाखवायला लागला. हा काटा दमट हवेत नेहमीच नखरे करतो. जुळवून घेतला. आता बरोबर शंभर.

२१ जुलै

समाधानाचा दिवस.

प्रयोगशाळेत काट्याची वेगळी छोटी खोली आहे. चांगला काटा एकच, सगळ्यांनी पाळीपाळीनं वापरायचा. तिथे काम करणारे मामा — सगळे त्यांना मामाच म्हणतात — दारातच म्हणाले, "काका, वाटेल ते करा, पण काट्याची बटणं दाबायची नाहीत हं." मला! मी हसून मान डोलावली.

माझी पाळी आली तेव्हा सहज डबी उघडली. वजन ठेवलं. ९८.२०४!

एवढी मोठी संस्था आणि काटा जवळजवळ दोन ग्रॅम खोटा. या मुलांचं वर्षभराचं काम वाया गेलं असतं. मामा मागे भांडी विसळत होते. काट्याला माझं वजन शंभराचं म्हणून ओळखायला लावायची एक रीत असते, दुकानदाराला आम्ही ती कधी दाखवत नाही. दोन बटणं एकदम दाबून धरली. १००.०००.

मागे धाकटी उभी होती, हातात काचेची तबकडी. सगळं पाहिलं तिनं. काही बोलली नाही. कौतुक वाटलं असावं.

मीही कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं.

२५ जुलै

बाजारातले काटे एकजात बिघडलेत! किराणावाला, भाजीवाली, औषधवाला — ज्याच्याकडे वजन ठेवावं तो कमीच दाखवतो. हवाच तशी आहे यंदा. सगळे जुळवून दिले, प्रत्येकावर माझी 'तपासला' चिठ्ठी लावली. औषधवाला म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून आम्ही निश्चिंत." चहा पाजला.

२८ जुलै

परीक्षा.

काम असं: सोडियम कार्बोनेट १.३२५ ग्रॅम नेमकं तोलायचं, पाण्यात विरघळवून द्रावण करायचं, आणि ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब आम्ल सोडत त्या आम्लाची तीव्रता काढायची. आम्ल बाईंनी करून ठेवलेलं. खरा आकडा त्यांनाच ठाऊक. द्रावणाचा रंग पिवळ्याचा केशरी झाला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गेलं.

माझा हात आज हललासुद्धा नाही. उत्तर ०.१०२. तीनच आकडे लिहिले! बाहेर व्हरांड्यात पोरं उत्तरं जुळवत होती — हिचं ०.१०२, त्याचं ०.१०२, दोन वेण्यांचं ०.१०२. "काका, तुमचं?" "०.१०२." टाळी द्यायला हात पुढे आला. मी टाळी दिली. कित्येक दिवसांनी छाती भरून आली.

रस्त्यात धाकटीला विचारलं. ती चालता चालता म्हणाली, "०.१००."

मी थांबलोच. "अख्ख्या वर्गाचं एक आणि तुझं वेगळं? मी हजारदा सांगतो, तोलताना श्वास धर, घाई करू नकोस. कुणाची मुलगी आहेस ते तरी आठवायचं!"

"हो बाबा."

एवढंच. ना रडली ना भांडली. आता बसा साध्या तुकडीत.

३१ जुलै

हे लिहावं की नाही.

बाईंनी पेपर वाटले नाहीत. टेबलावर गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, "सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. खऱ्याशी जुळत नाहीत. घरातली सगळी घड्याळं एकाच वेळी दहा मिनिटं पुढे असावीत तसं. एकसारखं असणं वेगळं, अचूक असणं वेगळं." खरा आकडा ०.१००.

मला धाकटीचा अभिमान वाटला — अर्धा क्षण. कारण बाई पुढे म्हणाल्या, "बरोबर उत्तर एकाच पेपरात आहे. आणि त्यात तोललेल्या वजनाला ०.९८२ नं गुणलंय. का, ते लिहिलेलं नाही." मग तिच्याकडे बघून, "हा आकडा कुठून आणलास?"

धाकटी उभी राहिली. गप्प.

"माझं कपाट त्या दिवशी उघडं होतं. आम्लाच्या बाटलीवर आकडा लिहिलेला होता. मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण उत्तर आधी माहीत असेल तर असा आकडा मागून जुळवता येतो. तसं नसेल तर सांग. शुक्रवारपर्यंत वाट बघते. नाहीतर साधी तुकडी — आणि शेरा."

मागून कुणीतरी कुजबुजलं. मिलिग्रामकाकांची ना ती?

मी बाकात बसल्या बसल्या वितळलो. बाक लहान आहे, पण मला लपवण्याएवढं मोठं नाही.

घरी आल्यावर मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. "काटा धरणाऱ्याच्या घरात चोरी" — हे बोललो. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस" — हेही. बायको मध्ये पडली, "अहो, आधी विचारा तरी तिला." विचारलं! तीन वेळा विचारलं. ती माझ्याकडे बघते, तोंड उघडते, मिटते. निर्दोष माणूस असा गप्प राहतो होय?

१ ऑगस्ट

सकाळी म्हणाली, "मी साध्या तुकडीत जाते, बाबा. बाईंना सांगून टाकते."

मी म्हटलं, "तेच बरं."

२ ऑगस्ट

आज वर्गात जायचं नव्हतं. गेलो. शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून.

बाईंनी धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात एक प्रयोग दाखवला. तांब्याच्या तारेचे तुकडे. वरून नायट्रिक आम्ल. फसफसलं. तपकिरी धूर. पाणी हिरवं. मग वरून साधं पाणी ओतलं —

तो निळा.

"तार कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"नाहीशी झाली," पुढचा पोरगा म्हणाला.

"पहिल्या दिवशी काय शिकलो? नाहीसं काही होत नाही. तार या पाण्यात आहे. हा निळा रंग आहे ना — तीच."

पुढचं ऐकू आलं नाही. कानांत नुसतं गरम झालं. मी आयुष्यभर वजनं तोलली आणि दोन ग्रॅम माझ्या डोळ्यांदेखत निळे होऊन मोरीत गेले. वर त्याला मळ म्हटलं. सुंदर म्हटलं!

नाही. आधी खात्री करायला हवी.

३ ऑगस्ट

खात्री कशावर करणार? सकाळी डबी घेऊन निघालो आणि चौकात उभा राहिलो. किराणावाल्याचा काटा मी जुळवलेला. भाजीवालीचा मी जुळवलेला. औषधवाल्याचा, घरचा, कॉलेजातला — सगळे मी. माझ्या वजनाला शंभर म्हणायला मीच सगळ्यांना शिकवून ठेवलंय! पंचक्रोशीत एक काटा नाही जो मला खरं सांगेल.

सोनार उरला. तो त्याच्या काट्याला परमेश्वरालाही हात लावू देत नाही. आजवर मी त्यासाठी त्याची टिंगल केली. त्यानं वजन चिमट्यानं उचललं, काट्यावर ठेवलं, चष्मा वर केला.

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक वीस. तेजाबात किती वेळ ठेवलंत?"

मी रिकामी डबी मिटली.

"अहो, मी म्हटलं होतं ना, सोनंच वाचतं! पितळ टाकलंत होय त्यात? चला, पितळ उघडं पडलं तुमचं!" आणि स्वतःच्या विनोदावर खदखदून हसला. मग माझं तोंड बघून थांबला. स्टूल पुढे केलं. पाणी दिलं.

शंभरातले अठ्ठ्याण्णव पूर्णांक वीस. म्हणजे ०.९८२.

म्हणजे धाकटीचा आकडा. बाटलीवरून नाही, कपाटातून नाही. त्या दिवशी माझ्या खांद्याआडून काट्यावर वाचला होता तिनं — मी बटणं दाबायच्या आधी. काटा तेव्हा खरा होता. खोटा मी केला. तिनं माझी चूक गणितात मुकाट्यानं वजा केली, आणि मी तिला चोर म्हटलं.

दुपारभर दुकान उघडलं नाही. सांगायलाच हवं, हे कळतं. पण सांगितलं की गावातल्या प्रत्येक काट्यावरची माझी चिठ्ठी खोटी. औषधवाला त्या काट्यावर भुकट्या तोलतो — लिहिलंय त्यापेक्षा कमी पडतंय सगळं, दहा दिवस. कोण मला परत काट्याला हात लावू देईल?

संध्याकाळी धाकटी वह्या बांधत होती. उच्च तुकडीचं पुस्तक वाचनालयाला परत द्यायचं म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं. त्याला नवं कव्हर घातलेलं होतं तिनं. मी दारात उभा राहिलो. काही बोललो नाही. लाज वाटली म्हणून बोललो नाही, आणि बोललो नाही याचीही लाज.

४ ऑगस्ट

सांगितलं.

बाई एकट्या होत्या, मामा झाडत होते. मी सगळं क्रमानं सांगितलं — आम्ल, निळं पाणी, बटणं. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "वजन आणलंय?"

काट्यावर ठेवलं.

१००.०००.

अर्थात! मीच शिकवलंय त्याला. बाईंनी वाकून आकडा वाचला, आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "काका, बापाचा जीव आहे, समजतं मला. पण मुलीसाठी स्वतःवर घेऊ नका. वजन तर बरोबर आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी चूक कबूल केली आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवेना! "नाही हो बाई, नाही" — एवढंच चाललं होतं. सोनाराला बोलावतो म्हटलं. हातच जोडले.

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. वरच्या कप्प्यातून एक सीलबंद पेटी काढली — काटा विकत घेतला तेव्हा सोबत आलेली वजनं, उघडायची वेळच आली नव्हती. सील तोडलं. शंभराचं ठेवलं.

१०१.८२९.

बाईंनी आकडा उतरवून घेतला. मग मामा म्हणाले, "बटणं दाबायची नाहीत म्हटलं होतं, काका." रागानं नाही. त्यानं जास्त लागलं.

बाईंनी परीक्षा रद्द केली. "वर्गाला तुम्हीच सांगा," म्हणाल्या. सांगितलं. फळ्यासमोर उभं राहून, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मागून आवाज आला, "मिलिग्रामकाका कसले, दोनग्रामकाका!" हशा झाला. मग बाई धाकटीकडे वळून म्हणाल्या, "माझं चुकलं. मी घाई केली." बाई हे इतकं सहज बोलल्या की मी बघतच राहिलो. दोन शब्द. झालं.

धाकटी हसली नव्हती. माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

७ ऑगस्ट

सोनाराकडून वजन उसनं घेऊन सगळ्या दुकानांतून फिरलो. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचं. किराणावाल्यानं खांदे उडवले. भाजीवाली म्हणाली, "म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरत होती होय! शिव्या मी खाल्ल्या!" औषधवाल्यानं ऐकून घेतलं. काटा पुढे सरकवला नाही. नखानं माझी चिठ्ठी खरवडून काढली, आधी एक कोपरा, मग सगळी. "दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ," म्हणाला. चहाचं विचारलं नाही.

बरोबर आहे त्याचं.

१० ऑगस्ट

परीक्षा पुन्हा झाली. माझं ०.०९६. तोटी बंद करायला उशीर झाला, रंग उलटून गेल्यावर कळलं. धाकटीचं ०.१००.

ती उच्च तुकडीत. मी साध्या. शनिवार-रविवारची.

११ ऑगस्ट

दिवसभर एकच विचार. त्या पोरीनं पाच दिवस चोर म्हणवून घेतलं, पुढचं शिक्षण पणाला लावलं — पण बापाचं नाव घेतलं नाही. धंदा बुडेल बापाचा म्हणून! मी तिच्यावर ओरडत होतो तेव्हासुद्धा. बायकोला म्हटलं, "अशी मुलगी भाग्यानं मिळते." बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली.

१२ ऑगस्ट

धाकटीला आज विचारलं. "माझ्यासाठी गप्प राहिलीस ना गं?"

ती बूट घालत होती. नाडी अर्धी ओवून थांबली.

"नाही हो, बाबा. तुमचं चुकलंय हे तुम्हाला सांगायचं म्हणजे… त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं."

नाडी बांधली. वर्गाला गेली.